डावखुऱ्या पिचरच्या मागावर : कॅनापोलिस ते शार्लट

शार्लटमध्ये राहणाऱ्याला बेसबॉलच्या बाबतीत एक मोठी सोय आहे आणि इथल्या बऱ्याच मराठी मंडळींना तिचा पत्ताच नाही. शिकागो व्हाइट सॉक्स या मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या, क्लबचे पूर्ण हंगाम खेळणारे चार मायनर लीग संघ आहेत, जिथे नवे खेळाडू तयार होतात, त्यातले तीन आमच्या नॉर्थ कॅरोलायनात. खालच्या पायरीवरचा लो-ए संघ कॅनापोलिसला, त्यावरचा हाय-ए विन्स्टन-सेलमला आणि मेजर लीगच्या खालोखालचा ट्रिपल-ए खुद्द शार्लटच्या मध्यवस्तीत. मधला डबल-ए तेवढा लांब, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला. त्यामुळे शिकागोने एखादं पोरगं निवडलं की ते पायरी-पायरीने वर चढताना आपल्याला शनिवार-रविवार किंवा कामावरून सुटल्यावर जाऊन बघता येतं. नोआ शुल्झ हा डावखुरा पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) मी असा तीन हंगाम बघितला. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, क्लबने त्याला पहिल्या फेरीत, २६ व्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि नुकता हायस्कूलमधून बाहेर पडला होता. उंची सहा फूट दहा इंच. करारावर सही करताना त्याला २८ लाख डॉलर मिळाले.

मी व्यवसायाने स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा, नाही. बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो. सोलापूरला कॉलेजात असताना डावखुरी मध्यमगती गोलंदाजी करायचो, तेवढीच शिदोरी. पण कॅनापोलिसच्या मैदानावर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिथे उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या रांगांत एक निवृत्त स्काउट नेहमी बसलेले असायचे. त्यांनी आयुष्यभर एका क्लबसाठी हेच काम केलं होतं आणि आता हौसेपोटी यायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, की सगळे बॉलकडे बघत असताना तू पिचरच्या पायाकडे का बघतोस? मी म्हटलं, आमच्याकडे फास्ट बोलरचा पुढचा गुडघा वाकला की कोच ओरडतो. ते खूश झाले आणि शेजारची खुर्ची रिकामी करून दिली. त्यानंतर मी रीतसर रिपोर्ट लिहायला शिकलो. मी लिहायचं, त्यांनी वाचायचं, लाल पेनाने खुणा करून परत द्यायचं, असा आमचा रिवाज पडला.

कॅनापोलिसबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. हे टॉवेलचं गाव. कॅनन मिल्सचे टॉवेल आणि चादरी एके काळी अमेरिकेत घरोघरी असायच्या. २००३ मध्ये मिल कायमची बंद पडली आणि हजारो माणसं एका दिवसात बेकार झाली. मिलच्या जागेवर आता संशोधन संस्थांच्या इमारती आहेत, आणि गावाच्या मध्यभागी हे नवं स्टेडियम. संघाचं नाव कॅनन बॉलर्स, म्हणजे मिलची आठवण नावातच आहे. सोलापूरच्या माणसाला अशा गावात परकं वाटत नाही. माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या वयस्कर बायकांपैकी कितीतरी जणींनी मिलमध्ये काम केलेलं होतं, आणि पोरांच्या बॅटिंगबद्दल त्यांची मतं ऐकण्यासारखी असायची.

२०२३ मध्ये शुल्झ इथे खेळला. हंगाम एप्रिलमध्ये सुरू झाला, पण हाताचा स्नायू दुखावल्यामुळे तो जूनमध्ये मैदानात उतरला. मायनर लीगमध्ये आता मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा सामने होतात, सोमवारी सुट्टी असते, आणि सामन्याची सुरुवात करणाऱ्या प्रत्येक पिचरला साधारण आठवड्यातून एकदा चेंडू मिळतो. म्हणून एखाद्याचा वार ठरून जातो आणि नोकरी सांभाळून त्याच्या मागावर राहणं जमतं.

लो-एमध्ये एक गोष्ट चांगली आहे : तिथे आकडे हाताशी नसतात. ट्रिपल-एमध्ये प्रत्येक पिचचा (म्हणजे टाकलेल्या बॉलचा) वेग, फिरकी, वळण सगळं कॅमेरे मोजतात आणि ते सगळ्यांना उघड बघता येतं. कॅनापोलिसला क्लबकडे असेल ते असेल, आपल्याला फलकावरचा वेग दिसतो आणि बाकी डोळ्यांनी ठरवायचं. माझी वही साधी होती. प्रत्येक पिचला एक ओळ. 'फा' म्हणजे फास्टबॉल, 'स्ला' म्हणजे आडवा वळणारा स्लायडर, 'चे' म्हणजे मुद्दाम हळू टाकलेला चेंजअप. पुढे वेग, त्या वेळचा काउंट (त्या बॅटरला किती स्ट्राइक, म्हणजे चौकटीत पडलेले किंवा तो चुकलेले, आणि किती 'बॉल', म्हणजे चौकटीबाहेरचे), आणि काय झालं ते : बॅटर चुकला, फाऊल गेला, नुसता बघत राहिला, की मारला. शेवटच्या रकान्यात कॅचरने ग्लोव्ह कुठे धरला होता आणि बॉल कुठे पोचला. त्या शेवटच्या रकान्यासाठी मान मोडून लक्ष ठेवावं लागतं, पण पिचरचा खरा हिशेब तिथेच कळतो. स्ट्राइक पडला म्हणजे हवा तिथे पडला असं नाही. कॅचरने बाहेरच्या कोपऱ्यावर मागितलेला बॉल आतल्या बाजूने गुडघ्याजवळ आला, बॅटर गोंधळला, पंचाने स्ट्राइक दिला. स्कोअरकार्डात तो चांगला, माझ्या वहीत वाईट.

स्काउट मंडळी प्रत्येक गुण २० ते ८० या मापात मांडतात. ५० म्हणजे मेजर लीगमधल्या सरासरी खेळाडूएवढा. ६० म्हणजे ठळकपणे चांगला, ७० फार थोड्यांना मिळतो. एकेका पिचला दोन आकडे द्यायचे : आज काय आहे आणि पुढे जास्तीत जास्त काय होऊ शकेल. एकोणीस वर्षांच्या मुलाला आजचा आकडा ३५ देताना हात कचरतो, पण तो द्यायचाच असतो. मेजर लीगच्या माणसांशी तुलना आहे, त्याच्या वयाच्या पोरांशी नाही.

शुल्झचा स्लायडर मात्र पहिल्या दिवसापासून वेगळा होता. त्याचा हात खांद्यावरून सरळ येत नाही, बाजूने येतो, आणि हात इतका लांब की डावखुऱ्या बॅटरला बॉल आपल्या पाठीमागून निघाल्यासारखा वाटत असणार. मी एका डावखुऱ्या बॅटरचा फक्त पुढचा खांदा बघत बसलो होतो. पहिल्या स्लायडरला तो खांदा झटक्याने उघडला, कंबर मागे गेली, पार्श्वभाग प्लेटपासून दूर झाला. म्हणजे अंगावर बॉल येतोय अशी त्याची खात्री झाली होती. तेवढ्यात बॉल वळून प्लेटच्या पलीकडच्या कडेवर गेला. स्ट्राइक. दुसऱ्या स्लायडरला त्याने पाय घट्ट रोवले, पण गुडघे थरथरले ते दिसलं. तिसरा त्याने मारायला घेतला तेव्हा बॅट आणि बॉल यांच्यात हातभर अंतर होतं. झहीर खान भरात असताना उजव्या बॅट्समनला जो कोन लावायचा, त्याची इथे आठवण आली, फक्त इथे टप्पा नाही, सगळं हवेत. माउंडपासून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यापासून, प्लेट साडेसाठ फूट. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे साधारण १५३ किलोमीटरचा बॉल तिथे चारदशांश सेकंदाच्या आसपास पोचतो, आणि सहा फूट दहा इंचांचा माणूस लांब पाऊल टाकून बॉल आणखी पुढून सोडतो. बॅटरला विचार करायला वेळच उरत नाही.

त्या हंगामात त्याने दहा सामन्यांत मिळून २७ इनिंग टाकल्या (एक इनिंग म्हणजे तीन बाद), ३८ बॅटरना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं आणि फक्त ६ वॉक दिले, म्हणजे चार 'बॉल' टाकून बॅटरला फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं. ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या हिशेबी लागलेल्या धावा, १.३३. मग खांदा दुखायला लागला आणि हंगाम तिथेच संपला. माझा पहिला रिपोर्ट असा होता : फास्टबॉल आज ५५, पुढे ६०. स्लायडर आज ५५, पुढे ७०. चेंजअप आज ३५, पुढे ५०. नियंत्रण आज ४५, पुढे ५५. आजोबांनी (त्या निवृत्त स्काउटना मी मनात आजोबाच म्हणायचो) स्लायडरवर काही लिहिलं नाही. चेंजअपच्या पुढच्या ५० खाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "हा ५० तू कशावरून दिलास? त्याने तो टाकलाय किती वेळा?"

त्यांचा प्रश्न बिनतोड होता आणि पुढच्या दोन वर्षांत मी मुख्यतः तेच शोधत राहिलो. लो-एमधल्या पोरांना दोन पिच, म्हणजे दोन प्रकारचे बॉल, पुरतात. असा स्लायडर असल्यावर तिसरा टाकायची गरजच पडत नाही, आणि गरज पडली नाही की तो शिकला जात नाही. डावखुऱ्या पिचरला उजव्या हाताच्या बॅटरविरुद्ध चेंजअप लागतोच : फास्टबॉलसारखाच हात फिरतो, पण बॉल हळू येतो आणि बॅटरपासून लांब पळतो. तो नसेल तर चांगला उजवा बॅटर स्लायडर सोडून देतो आणि फास्टबॉलची वाट बघत उभा राहतो.

इथे थोडं बाजूचं सांगतो. शुल्झकडे २८ लाख डॉलर होते, पण त्याच डगआउटमध्ये बसणाऱ्या बहुतेक पोरांकडे काहीच नव्हतं. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला तेव्हा लो-एमधला वर्षाचा किमान पगार ११,००० डॉलरवरून २६,२०० वर गेला. त्याआधी पोरं कशी राहत असतील याचा विचार करवत नाही. त्यांच्यात डॉमिनिकन रिपब्लिकमधून सोळाव्या-सतराव्या वर्षी सही करून आलेली मुलं असतात, आणि सामन्यानंतर कुंपणाशी उभी राहून ती घरी फोन लावताना दिसतात. भारतातूनही दोघं या वाटेवर आले होते. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना एका स्पर्धेतून निवडून करारबद्ध केलं. त्यांनी तोवर बेसबॉल हातात धरला नव्हता. रिंकू, तोही डावखुरा, २०११ पर्यंत वेस्ट व्हर्जिनियाच्या लो-ए संघात पोचला, आणि तेव्हा कॅनापोलिसचा संघही त्याच लीगमध्ये होता. त्याच्या चिवटपणाला माझा मनापासून सलाम आहे. जिथे बाकीची पोरं आठव्या वर्षापासून पिच टाकत मोठी होतात तिथे त्याने विशीत सुरुवात करून एवढी मजल मारली.

२०२४ मध्ये शुल्झने विन्स्टन-सेलमला सुरुवात केली. शार्लटपासून ते सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, पण रस्ता सोपा. तिथे आजोबांनी मला एक नवी गोष्ट शिकवली. इनिंग संपून पिचर डगआउटकडे निघाला की सगळे खायला उठतात, तेव्हा दुर्बीण काढायची आणि माउंडवरची माती बघायची. पिचरचा पुढचा पाय जिथे पडतो तिथे खड्डा होतो. दरवेळी पाय एकाच जागी पडत असेल तर एक खोल, नीट खड्डा दिसतो. पाय कधी इकडे, कधी तिकडे पडत असेल तर माती पसरट उकरलेली दिसते. पिचरची कृती दर बॉलला तीच राहते की नाही, याचा याहून साधा पुरावा नाही. उंच पिचरच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात मोठा, कारण हातपाय लांब म्हटल्यावर सगळे अवयव एका वेळी जागेवर आणणं अवघड. शुल्झची उंची इतकी की त्याचा खड्डा दुसऱ्या पिचरच्या खड्ड्यापासून बराच पुढे, वेगळा ओळखू यायचा. त्या वसंतात मी बघितलं तेव्हा तो खड्डा नीट होता. वीस वर्षांच्या, एवढ्या उंच मुलासाठी ही मोठी गोष्ट होती आणि मी रिपोर्टात ती सगळ्यात वर लिहिली.

लवकरच त्याला बर्मिंगहॅमला बढती मिळाली. अलाबामा माझ्या आवाक्याबाहेर, तेव्हा ते सामने मी रात्री ऑनलाइन बघितले. सेंटर फील्डच्या कॅमेऱ्यातून पिचचं वळण छान दिसतं, पाय आणि माती दिसत नाही. तरी एवढं कळत होतं की डबल-एच्या बॅटरनाही त्याचा स्लायडर सोसत नाहीये. वर्षाअखेर त्याच्या खात्यावर दोन्ही संघांत मिळून ८८ इनिंग, ११५ स्ट्राइकआउट, २४ वॉक आणि २.२४ ईआरए जमा झाला. त्याच वर्षी वर शिकागोचा मुख्य संघ १२१ सामने हरला, आधुनिक काळातला विक्रम. त्या संघाच्या चाहत्यांनी या पोरावर किती आशा लावली असेल याची कल्पना करा.

माझं क्लबशी एका मुद्द्यावर पटत नाही आणि ते मी आजोबांशीही भांडून बोललो. २०२४ मध्ये त्याने २३ सामन्यांत ८८ इनिंग टाकल्या, म्हणजे सामन्यागणिक चारही भरत नाहीत. कारण उघड आहे. आदल्या वर्षी हात आणि खांदा दोन्ही दुखावलेले. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली, त्यावरून हे नाव. त्यात वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणून क्लब जपून खेळवतो, हे समजतं. पण चार इनिंगमध्ये पिचर बॅटिंगच्या क्रमाला जेमतेम दोनदा भेटतो. तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर स्लायडर ओळखून असतो, पिचरचे पाय जड झालेले असतात, आणि तिथेच तिसरा पिच शिकावा लागतो. ती शाळा त्याची बुडाली असं मला वाटतं. आजोबांचं म्हणणं होतं, हात शाबूत राहिला तर शाळा नंतरही भरते. आमचं एकमत झालं नाही.

२०२५ मध्ये तो जूनमध्ये शार्लटला आला. घरापासून ट्रेनने जाता येईल अशा मैदानावर तो पिच टाकणार, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. पण समोर दिसलं ते जड होतं. पाच सामन्यांत ईआरए नऊच्या वर. वॉकमागून वॉक. ऑफिसातले बेसबॉलवेडे सहकारी म्हणायला लागले की फुगा फुटला.

आकडे वाचताना जागा बघावी लागते. शार्लटचं मैदान उंच इमारतींच्या मध्ये कोंबलेलं, बॅटरना धार्जिणं. तिथे साधे उडालेले बॉल होमरन होतात. ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचा बॉल वापरतात, खालच्या पातळीवर वेगळा. हाताला शिवण वेगळी लागते आणि वळणाऱ्या पिचला सवय व्हायला वेळ लागतो. शिवाय तिथे स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागता येते. कॅचर ग्लोव्ह अलगद ओढून पंचाला फसवतो, ते स्ट्राइक तिथे टिकत नाहीत. एवढं सगळं जमेस धरूनही हे स्पष्ट होतं की बॉल त्याच्या हातातून हवा तिथे जात नव्हता.

मी दुर्बीण काढून माती बघितली. खड्डा पसरला होता. पाय पडल्यावर गुडघा ताठ राहायला हवा, तसा राहत नव्हता. शरीर पुढे ढासळायचं, हात मागे राहायचा आणि बॉल वर, त्याच्या हाताच्या बाजूला निसटायचा. नंतर क्लबने जाहीर केलं की त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध सुजलाय. डावखुऱ्याचा उजवा पाय म्हणजे जमिनीवर आदळणारा पाय. प्रत्येक पिचला सगळं वजन त्या गुडघ्यावर येतं. २०२५ च्या त्याच्या ७३ इनिंगमधले ४५ वॉक आणि ४.६८ ईआरए हे माझ्या दृष्टीने बऱ्याच अंशी त्या गुडघ्याचे आकडे आहेत.

रँडी जॉन्सन या जुन्या नामवंत पिचरची गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो, पण ती खरीच सांगण्यासारखी आहे. तोही सहा फूट दहा इंच, तोही डावखुरा. १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षं त्याने अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त वॉक दिले, १९९१ मध्ये तर १५२. त्याला नियंत्रण सापडलं तोवर तो तिशीच्या जवळ आला होता, आणि पुढे त्याने वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारे साय यंग पुरस्कार पाच वेळा घेतले. शुल्झ रँडी जॉन्सन होईल असं मी म्हणत नाही. पण बावीस वर्षांच्या, एवढ्या उंच मुलाचा एका हंगामावरून निकाल लावणं मला पटत नाही.

हंगाम संपल्यावर मी शेवटचा रिपोर्ट लिहिला. फास्टबॉल ५५, पुढे ६०. स्लायडर ६०, पुढे ७० होता तो ६५ केला, कारण शार्लटमध्ये बॅटर तो सोडून द्यायला शिकले होते. कटर, म्हणजे शेवटी थोडासा वळणारा वेगवान बॉल, ४५, पुढे ५५. हा पिच मला आवडला, उजव्या बॅटरच्या मुठीवर तो आत शिरतो आणि चेंजअपवरचं ओझं कमी करतो. चेंजअप ४०, पुढे ५०. नियंत्रण आज ४०, पुढे ५०. एकूण मत : मेजर लीगमध्ये सुरुवातीचा पिचर, शेवटच्या दोन-तीन इनिंगपुरता नव्हे. अट एकच, गुडघा.

आजोबांनी तो वाचला आणि या वेळी लाल रेघ फक्त एका ठिकाणी मारली, नियंत्रणाच्या पुढच्या ५० खाली. त्यांना तिथे ४५ हवे होते. मी बदलले नाहीत. पुढच्या वसंतात तो माउंडवर आला की पहिल्या इनिंगनंतर मी माती बघणार आणि आजोबा त्याने दोन बॉल, एक स्ट्राइक असताना उजव्या बॅटरला काय टाकलं ते लिहून घेणार, असं ठरलंय.